फिल्मच्या काठाबाहेरचं दुखणं: वाघ्याच्या खुब्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात खत-बियाण्याचं दुकान असलेलं घर. ओळख पटू नये म्हणून गाव, धंदा आणि कुत्र्याचं नाव बदललं आहे, बाकी जसं घडलं तसं.

वाघ्या हा ११ महिन्यांचा जर्मन शेफर्ड नर. पिल्लू असताना दुसऱ्या जिल्ह्यातल्या ब्रीडरकडून आणलेला, सोबत वंशावळीचा कागद. वजन ३८ किलो. या वयाच्या नराला तीस-बत्तीस पुष्कळ झाले, पण कुत्रा अंगानं दांडगा दिसला पाहिजे हा आपल्याकडचा हट्ट. सकाळी आजी तुपातली पोळी दुधात कुस्करून घालायच्या. दुपारी पिशवीतला कोरडा खाऊ, संध्याकाळी दोन अंडी, रविवारी कोंबडीचे पाय. आणि या सगळ्यावर रोज दोन चमचे कॅल्शियमचं सिरप, ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून.

त्या सिरपबद्दल आधी सांगतो, कारण मोठ्या जातीचं पिल्लू असलेल्या दर दुसऱ्या घरात ती बाटली असते. पिल्लांच्या तयार खाऊत कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही, येईल तेवढं शोषून घेतं आणि हाडांची घडण बिघडते. हाडं मजबूत करायला दिलेलं औषध हाडांनाच नडतं, हे आजींना पटवायला मला तीन भेटी लागल्या.

खुब्याचा दोष म्हणजे काय ते थोडक्यात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत घट्ट बसायला हवा. वाढीच्या वयात सांधा सैल राहिला, की गोळा वाटीत डुगडुगतो, वाटी उथळ घडते आणि पुढे सांधा झिजतो. दोष अनुवंशिक आहे, पण एका जनुकाचा नाही, अनेकांचा. शिवाय वजन, आहार, घरातली गुळगुळीत फरशी यांनी तो वाढतो. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हा आजारच नवा वाटतो, आणि त्यांचं चुकत नाही. ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या सडपातळ जातींत हा दोष फार विरळा. आपला कारवानी त्याच बांध्याचा, आणि खुब्याचं दुखणं घेऊन आलेला कारवानी माझ्या टेबलावर अजून आलेला नाही.

अडचण

मार्चअखेर वाघ्या मागच्या डाव्या पायानं लंगडू लागला. एका ठिकाणी एक्स-रे झाला. सांगण्यात आलं की डावा खुबा मध्यम दर्जाचा बिघडलाय, उजवा उत्तम आहे. डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा काढून टाकावा लागेल, उशीर करू नका.

घरात दुसरा घोर होता. शेजारच्या तालुक्यातल्या एकाच्या मादीशी वाघ्याची जोड लावायची बोली आधीच झालेली. पहिलं पिल्लू कुणाचं तेही ठरलेलं. म्हणजे प्रश्न दोन होते: कुत्रा आज का दुखतोय, आणि हा कुत्रा पैदाशीला वापरावा का? दोन्ही एकाच फिल्मला विचारले जात होते. इथूनच गुंता झाला.

त्यात माझी भर पडली. रात्री नऊ वाजता मालकांनी फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, खिडकीच्या काचेला धरून काढलेला. मी जेवता जेवता बघितला आणि उत्तर दिलं, ‘होय, डावा खुबा उथळ दिसतोय.’ एका ओळीचं उत्तर. त्या ओळीनं घरात आधीच्या निदानावर शिक्का बसला. दुसऱ्या दिवशी पुण्याला शस्त्रक्रियेची चौकशी सुरू झाली.

गाडी ठरवण्याआधी एकदा दाखवून जाऊ म्हणून ते आले, हे नशीब.

‘डॉक्टरसाहेब, सकाळी उठायलाच तयार नाही. उठला की जास्तीच लंगडायलाय.’

‘आधी कधी लंगडला होता का, भाऊ?’

‘नाही. म्हणजे, फेब्रुवारीत लंगडला होता, पण तो पुढचा पाय होता, उजवा. आठ-दहा दिवसांत आपोआप बरा झाला. त्याचं काय?’

त्याचंच सगळं होतं. खुब्याचा आजार फेब्रुवारीत पुढच्या पायाला जाऊन येत नाही. वाढत्या वयाचा जर्मन शेफर्ड नर, आज हा पाय, महिन्यानं तो, मधे आपोआप बरं, हे वर्णन ऐकलं की पॅनोस्टायटिस आठवायला हवा. लांब हाडांच्या आतल्या पोकळीला येणारी ही सूज साधारण ५ ते १८ महिन्यांच्या वयात दिसते, पाय बदलत फिरते आणि वय वाढलं की निघून जाते. हा प्रश्न आदल्या रात्री फोनवर विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

तपासणीत डाव्या मांडीच्या हाडाच्या मधल्या भागावर बोटांनी खोल दाबल्यावर वाघ्या किंचाळून वळला. उजव्या दंडाच्या हाडावरही थोडं दुखलं. खुबा मागे ताणल्यावर कुरकुर केली, पण त्याच हालचालीत माझा हात मांडीच्या हाडावरही होता, म्हणून त्या कुरकुरीला मी फार वजन दिलं नाही.

आणखी एक गोष्ट निघाली. दोन दिवस मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी पोळीत घालून दिलेली होती. एकदा उलटी, शौचाला काळसर. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी हे औषध देशात २००६ पासून बंद आहे, तरी घरात माणसासाठी आणलेली पट्टी असते आणि हात तिच्याकडेच जातो.

आधी फिल्म, मग खुबा

मूळ फिल्म हातात घेऊन उजेडाच्या पेटीवर लावली. आता खुब्याकडे बघायचंच नाही असं ठरवून कडेपासून सुरुवात केली.

ही फिल्म कुत्र्याला पाठीवर निजवून, मागचे पाय सरळ मागे ताणून घेतात. ती नीट असेल तर कमरेच्या हाडाचे दोन्ही पंख सारख्या रुंदीचे दिसतात. खालची दोन मोठी भोकं एकाच आकाराची दिसतात. मांडीची हाडं एकमेकांना समांतर, गुडघ्याच्या वाट्या आपापल्या हाडाच्या मधोमध, आणि कंबरेपासून गुडघ्यापर्यंत सगळं फिल्मवर.

या फिल्मवर एक भोक लांबट आणि दुसरं चेपलेलं. एक पंख रुंद, एक अरुंद. म्हणजे कंबर एका बाजूला कललेली. कंबर कलली की एका बाजूची वाटी उथळ दिसते आणि दुसरी खोल, सांधे प्रत्यक्षात कसेही असोत. ‘एक मध्यम बिघडलेला, एक उत्तम’ या अहवालाचा बराचसा भाग या कलण्यातून आला असणार.

दुसरं, फिल्मवर डाव्या-उजव्याची खूण नव्हती. कॅसेटवर शिशाचं अक्षर ठेवलेलं नव्हतं, आणि संगणकावर प्रतिमा एका टिचकीत उलटी होते. मग अहवालात ‘डावा’ आला कुठून? बहुधा असा, की कुत्रा डाव्या पायानं लंगडतो, म्हणून वाईट दिसणारा खुबा डावा धरला. मीही रात्री तेच केलं होतं. लंगड्या पायाची बातमी आधी कळली आणि डोळ्यांनी तीच शोधली. अशा फिल्मवर विसंबून कुणी गोळा काढायला घेतला असता, तर तो कुठल्या बाजूचा काढला असता?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागली. फिल्म मांडीच्या वरच्या एक तृतीयांशावर कापलेली होती. जिथं बोट दाबल्यावर वाघ्या किंचाळला, ती जागा फिल्मवर नव्हतीच.

एवढं झाल्यावर कोन मोजले. नॉरबर्ग कोन म्हणतात तो. दोन्ही गोळ्यांचे मध्यबिंदू एका रेषेनं जोडायचे, मग प्रत्येक मध्यबिंदूतून वाटीच्या पुढच्या-बाहेरच्या काठाला टेकणारी रेषा काढायची. दोन रेषांमधला कोन १०५ अंश किंवा जास्त असेल तर सांधा बरा समजतात, कमी होत जाईल तसा गोळा वाटीतून बाहेर सरकत असतो. इथं एका बाजूला ९३, दुसऱ्या बाजूला १०८. हे आकडे वहीत लिहिले आणि शेजारी ‘विश्वास नको’ असंही लिहिलं.

पर्याय

शस्त्रक्रियेचा पर्याय त्या दिवसापुरता बाजूला पडला. गोळा काढून टाकणं हा खुबा वाचवण्याचा उपाय नाही. सांधा पार गेला, औषधांनी वेदना आटोक्यात येईना, की मग तो करायचा, आणि हलक्या कुत्र्यांत तो जास्त बरा साधतो. ३८ किलोच्या, न झिजलेल्या सांध्याच्या कुत्र्यात तो पहिला विचार असूच नये. वयाच्या ओघात काही दारं आधीच बंद झाली होती. जांघेच्या हाडाची वाढ थोपवून वाटी फिरवण्याची छोटी शस्त्रक्रिया १२ ते २० आठवड्यांच्या पिल्लातच जमते. कमरेचं हाड कापून वाटी वळवण्याची मोठी शस्त्रक्रिया साधारण १० महिन्यांच्या आत, सांधा झिजण्याआधी करतात. या दोन दारांसाठी वाघ्या चौथ्या महिन्यात टेबलावर यायला हवा होता. तेव्हा तो लंगडत नव्हता, म्हणून कुणी आणला नाही. लंगडला नाही तर कोण आणणार?

दुसरा मार्ग म्हणजे परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवणं. दोन्ही ठिकाणी तो चांगलाच ठरला असता, आणि गुंतागुंत असती तर मी पाठवलंच असतं. मालकांचा कल मात्र वेगळा होता: ‘तुमच्यासमोरच काय ते करा.’

फिल्मच नको, वजन उतरवा आणि दोन महिने वाट बघा, हाही पर्याय होता. लंगडण्यापुरता तो पुरेसा होता, कारण पॅनोस्टायटिस आपोआप जातो. पण मग ती ९३ अंशांची फिल्म घरातल्या फायलीत तशीच राहिली असती, आणि कुणी ना कुणी पुढे तिच्यावरून निर्णय घेतला असता. चुकीची फिल्म नुसती बाजूला ठेवून चालत नाही, तिच्या जागी नीट फिल्म ठेवावी लागते. म्हणून पुन्हा काढायचं ठरलं.

काय केलं

गोळ्यांमुळे जठर दुखावलेलं होतं, म्हणून आधी दहा दिवस जठराचं औषध आणि मऊ खाणं. तेवढ्यात रक्त तपासलं. आपल्याकडे गोचीड तापानंही कुत्री सांधे धरून लंगडतात आणि त्यात प्लेटलेट पडतात, ते तपासल्याशिवाय मराठवाड्यात कुठल्याही लंगड्या कुत्र्याला भूल देऊ नये असं माझं मत आहे. प्लेटलेट ठीक निघाल्या.

एप्रिलचा उन्हाळा, म्हणून सकाळी साडेसहाला बोलावलं. रात्रीपासून उपाशी. झायलाझिन आणि ब्युटोरफॅनॉलवर गुंगी दिली. जागा कुत्रा स्नायू ताठ करून गोळा वाटीत ओढून धरतो. हातानं दाबून धरलेल्या कुत्र्याची फिल्म सरळ येत नाही, आणि धरणाऱ्या माणसाला किरण लागतात ते वेगळंच. कुत्रा पाठीवर सरळ राहावा म्हणून गावातल्या सुताराकडून करून घेतलेली फोमची पन्हाळी, वाळूच्या पिशव्या, मांड्या समांतर बांधायला पट्टी. डाव्या बाजूला शिशाचं ‘डा’. मालक बाहेर.

फिल्म घेण्याआधी गुंगीतच सांधा हातानं तपासला. मांडी वर दाबून बाहेर फिरवताना दोन्ही बाजूंना, गोळा वाटीत परत बसतानाचा हलका ‘टक’ जाणवला. म्हणजे सैलपणा होता, आणि दोन्हीकडे होता.

पहिली फिल्म थोडी कललेली, दुसरीत शेपूट वाकलेली, तिसरी जमली. दोन्ही भोकं सारखी, दोन्ही गुडघे फिल्मवर. कोन मोजले: डावा ९९, उजवा १०१. जुन्या फिल्मची बेरीज २०१, नव्या फिल्मची २००. हा नियम नाही, पण या कुत्र्यापुरतं बोलायचं तर कलण्यानं एकीकडून काढलं ते दुसरीकडे ठेवलं होतं, एवढंच. गोळे किंचित बाहेर सरकलेले, काठावर हाडाची वाढ अजून नाही.

आणि डाव्या मांडीच्या हाडाच्या मधोमध, जिथून हाडाची रक्तवाहिनी आत शिरते त्या भागात, पोकळीत ढगाळ पांढरट डाग. उजव्या दंडाची वेगळी फिल्म घेतली, तिथंही फिकट तसाच.

मालकांना ती बातमी सांगणं अवघड गेलं. ते ‘डावा खुबा बरा निघाला’ ऐकायच्या आशेनं आले होते. तो सांगितला त्यापेक्षा बरा निघाला, पण उजवा ‘उत्तम’ राहिला नाही. ‘म्हणजे आधी एक खराब होता, आता दोन्ही झाले?’ असं ते म्हणाले. मी दोन्ही फिल्म शेजारी लावून त्यांना फक्त भोकं बघायला सांगितली. ते दुकानदार, वजनकाट्याचं त्यांना चांगलं कळतं. ‘काटाच तिरपा होता म्हणा की,’ ते म्हणाले.

पैदाशीबद्दल त्या दिवशी मी हो किंवा नाही दोन्ही म्हटलं नाही. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या ए ते ई श्रेणींत ही फिल्म साधारण सी म्हणजे सौम्य दोषाकडे जाते, पण ती श्रेणी किमान १२ महिन्यांनंतरच देतात. अमेरिकेतली, १९६६ पासून या कामात असलेली ओएफए ही संस्था अंतिम दाखला २४ महिन्यांआधी देत नाही; तिथं तीन वेगवेगळे क्ष-किरणतज्ज्ञ फिल्म बघून सात दर्जांपैकी एक ठरवतात. मी एकटा, कुत्रा ११ महिन्यांचा. म्हणून एवढंच सांगितलं की २४ महिन्यांपर्यंत जोड लावायची नाही, तेव्हा पुन्हा फिल्म. ब्रीडरकडे आईबापांच्या खुब्यांची फिल्म मागितली. त्यानं उत्साहानं बक्षिसांचे फोटो पाठवले. वंशावळीच्या कागदावर आजा-पणजा असतात, त्यांचे खुबे नसतात.

उपचार साधे होते. जठर बरं झाल्यावर काही दिवस मेलॉक्सिकॅम हे वेदनेवरचं औषध, तेही लंगडेल तेव्हाच. सिरप बंद. पिल्लांचा खाऊ बंद करून मोठ्या कुत्र्यांचा, मापानं. वजन उतरवण्यासाठी आजींना एक दाखला दिला: लॅब्रेडॉरच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर चाललेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या; ज्यांना जोडीतल्या दुसऱ्या पिल्लापेक्षा चौथा हिस्सा कमी खाऊ मिळाला, ती कुत्री मध्यमानानं जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे खुबे उशिरा झिजले. आजी म्हणाल्या, ‘उपाशी ठेवून जास्त जगतंय व्हय?’ पण तूप थांबलं.

पुस्तकात पुढचा सल्ला पोहण्याचा असतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेल्या जिल्ह्यात कुत्र्यासाठी हौद भरा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मालकांनीच शेततळ्याचं सुचवलं, ते मी ठामपणे नाकारलं. तळाला प्लास्टिकचा कागद असलेल्या तळ्यातून माणसालाही वर येता येत नाही, दुबळ्या मागच्या पायांचं कुत्रं तर नाहीच. त्याऐवजी सकाळ-संध्याकाळ नांगरलेल्या रानात पट्ट्याला धरून वीस मिनिटं. घरातल्या शहाबादी फरशीवर पोत्यांचे पट्टे अंथरले, झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत.

निकाल

जून संपेपर्यंत लंगडणं गेलं. दिवाळीच्या सुमारास उजव्या मागच्या पायाला एकदा आलं, आठवड्यात गेलं, मग नाही. वजन ३३ वर आलं. १८ महिन्यांनंतर पॅनोस्टायटिसचं काही दिसलं नाही.

२५व्या महिन्यात पुन्हा तशीच गुंगी, तीच पन्हाळी. डावा ९८, उजवा १००. आता मांडीच्या हाडाच्या मानेवर एक बारीक पांढरी रेष दिसली, झिजेची पहिली खूण मानतात ती. कुत्रा मात्र गाडीच्या मागच्या फळीवर एका उडीत चढला. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मालकांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला.

पैदास करायची नाही असं मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. शेजारच्या तालुक्यातला माणूस रागावला, त्यानं दुसरा नर शोधला. त्या नराची फिल्म काढली का, असं मी मालकांकरवी विचारलं. ‘तो कधी लंगडला नाही,’ असं उत्तर आलं.

आज करायचं झालं तर

व्हॉट्सॲपवरच्या फिल्मच्या फोटोवर आता मी एकच उत्तर पाठवतो: ‘फिल्म आणि कुत्रा दोन्ही घेऊन या. आधी कुठला पाय दुखला होता ते लिहून आणा.’

भूल दिली होती तेव्हाच सांधा ताणूनही फिल्म घ्यायला हवी होती, असं मला अजून वाटतं. पाय मागे ओढलेल्या फिल्ममध्ये सांध्याभोवतालचं आवरण पिळलं जातं आणि सैलपणा झाकला जातो. १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेल स्मिथ यांनी खुबे बाहेर ताणून मोजण्याची पद्धत बसवली, ती १६ आठवड्यांपासून वापरता येते, आणि त्यात सैलपणाचा निर्देशांक ०.३ च्या आत असेल तर झीज होण्याचा धोका फार कमी मानतात. तिला खास साधन आणि प्रशिक्षण लागतं, माझ्याकडे दोन्ही नव्हतं. पण तसं करणाऱ्या ठिकाणी पाठवतो असं मी म्हणालोही नाही, आणि त्यामुळे कदाचित चौदा महिने वाट बघायला लावली.

पहिली फिल्म काढणाऱ्या सहकाऱ्याला मी फोन केला नाही. त्या वेळी वाटलं, उगाच दुखावेल. वर्षभरानं त्यांच्याच ठिकाणची आणखी एक फिल्म एका लॅब्रेडॉरसोबत आली. खूण नव्हती, मांडी अर्ध्यावर कापलेली. तेव्हा फोन केला. ते दुखावले नाहीत. विचारलं, ‘तुमची ती पन्हाळी केवढ्या मापाची आहे?’ मी सुताराचा नंबर दिला.